बोगद्यात राहिलेली गाडी

शालन, यंदा आपल्याकडं गणपती नाही.

तुझं तेरावं झालं त्याच दिवशी भावकीनं ठरवून टाकलं. थोरल्या दादांनी गावाकडं बसवायचा आणि सांगलीत आपल्या घरी वर्षभर सणवार करायचा नाही. मी मान डोलावली. त्या दिवसांत कुणी मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. आज सकाळी गल्लीत ताशा कडाडला, माणसं टोप्या घालून, रुमालाखाली मूर्ती झाकून घेऊन गेली, आणि मी सवयीनं फडताळापुढं येऊन उभा राहिलो. वरच्या खणात मधोमध देवाच्या पाटाची जागा रिकामी आहे. तिच्याभोवती तुझी रेल्वे आहे. रूळ आहेत, फलाट आहे, ऊस आहे, डोंगर आहे. गाडी तेवढी दिसत नाही.

गणपती नाही म्हणून मी हळवा झालोय असं समजू नकोस. देवाशी माझं सध्या बोलणं बंद आहे.

सुभेदाराची बायको फडताळात रेल्वे बांधती, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा पसरली तेव्हा लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे. मी म्हणायचो, हो, बांधते, तिकीट काढून या बघायला. मला तरी कुठं खरं वाटत होतं? फडताळ ते केवढं. जुन्या घराची जाड भिंत, तिच्यातला अडीच हात रुंद आणि हातभर खोल खण. तिथं माणसं पापडाचे डबे ठेवतात. तू डबे काढून माझ्या पलंगाखाली सारलेस आणि म्हणालीस, "आवं, थर्माकोलचा महाल किती वर्सं करायचा? यंदा गणपतीला हलती आरास करू."

आरास हे निमित्त होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्याच उन्हाळ्यात आपण तुझं स्टेशन बघायला साताऱ्याकडं गेलो होतो. तुझे वडील तिथं रुळांचे सांधे बदलायचे, आणि तुमचं क्वार्टर फलाटाच्या टोकाला होतं. तुझं लहानपण तिथं गेलं. माझं रजेवर येणं आणि रजा संपवून जाणं, सगळं त्याच फलाटावर झालं. दुसरा रूळ टाकताना ते दगडी स्टेशन पाडलं आणि नवं बांधलं. चांगलं बांधलंय, मी म्हणालोसुद्धा, बाकडी बघ कशी चकाचक आहेत. क्वार्टर होतं तिथं खडीचा ढीग पडला होता. त्या ढिगापाशी तू पदर तोंडाला लावून उभी राहिलीस. परतीच्या गाडीत ताकारी गेलं, भिलवडी गेलं, तरी गप्प. सांगलीत उतरताना म्हणालीस, "पाडलं ते पाडलं. मला पाठ हाय, ते मी बांधती."

आणि बांधलंस की! लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्याचं स्टेशन. अजून वाकून छपराच्या आत बघितलं तर कुणाच्या तरी लग्नाचं 'श्रीकृपेकरून' वाचता येतं. ऊस हिरव्या झाडूच्या काड्यांचा. लिंबाचं झाड म्हणजे दाणे झाडलेलं ज्वारीचं कणीस. स्टेशनात घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, तो तू केसातल्या आकड्याचा केलास. गाडी म्हणजे काड्यापेट्या, शिलाईमशीनच्या दोऱ्यानं ओढायच्या. रुळाखाली खडी म्हणून रवा भाजून, राखेत कालवून पसरलास. रंग हुबेहूब जमला. मी म्हटलं, वा. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी बघतो तर मुंग्या खडी उचलून चाललेल्या, स्टेशनातून बोगद्यात आणि बोगद्यातून भिंतीत. तू कपाळावर हात मारलास. "आगं बया, माझी लाईनच उचलून न्यायला लागल्या की!" मी हसून हसून पलंगावर आडवा झालो.

मग मला कामाला लावलंस. नदीच्या घाटावरची वाळू आणायची, धुवायची, वाळवायची, पिठाच्या चाळणीनं चाळायची. "बारीक पायजे, सायब. आजून बारीक." शालन, अख्ख्या नोकरीत मला एवढा खडूस ऑफिसर भेटला नाही. खरं सांगायचं तर पलटणीतून घरी आल्यावर माझा दिवस जात नव्हता. सकाळी उठून बूट पॉलिश करायचो आणि मग कळायचं नाही की ते घालून जायचं कुठं. तू सरळ माझ्या हातात चाळणी दिलीस. तुझे लय उपकार आहेत माझ्यावर. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, पुरं झालं, वाळू चाळा.

तेव्हा ते सगळं खालच्या खणात होतं. मग महापूर आला. आपण दादांकडं गेलो, पाणी ओसरल्यावर आलो, दार ढकललं तर उघडेना, आत चिखल. तुझं स्टेशन चिखलाच्या गोळ्यात गेलेलं, ऊस दाराच्या फटीत अडकलेला. मी तुझ्या तोंडाकडं बघायला घाबरत होतो. तू भिंतीवरची पाण्याची रेघ बघितलीस, तिच्यावर आपली वीत टेकवलीस, वर बघितलंस आणि म्हणालीस, "वरच्या खणात बांधती. तितवर न्हाई येत पाणी." पुढं रंगारी आला तेव्हा ती रेघ तू पुसू दिली नाहीस. आता मी रोज ती बघतो. पाणी तिथपर्यंतच येतं हे तुला कळलं. बाकीचं काय कुठपर्यंत येतं ते कुणाला कळतं?

दुसऱ्यांदा बांधलंस तेव्हा आपला पोरगा अभि पुण्याहून खरी गाडी घेऊन आला. बोटाएवढं इंजिन, मागं आखूड डबे. लांब डबे आपल्या एवढ्याशा वळणावर वळेनात, म्हणून त्यानं बदलून आखूड आणले. गाडी आली आणि आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

मला गाडी फिरती हवी. खटका फिरवला की गणपतीभोवती गोल, गोल, गोल. आरतीला जमलेल्या बायका हात जोडायच्या, "बघा तरी, गाडी देवाला प्रदक्षिणा घालती!" माझी छाती फुगायची. आणि तू ऐन रंगात येऊन खटका बंद करायचीस, गाडी फलाटाला लावायचीस.

"चालू दे की गं," मी म्हणायचो.

"थांबू दे जरा."

"आगं, चालती गाडी बघायला आल्यात माणसं."

"थांबलीच न्हाई तर उतरणाऱ्यानं उतरायचं कुठं? नुस्ती गरागरा फिरली तर ती गाडी न्हवं, गुऱ्हाळाचा चरक हाय."

उतरणारा एकच होता. फलाटावर तू मातीचा एक जवान उभा केलायस, भुईमुगाच्या शेंगेएवढा, हातात काळी ट्रंक. तो मी. मी विचारलं, आणि तू कुठं आहेस यात? तू क्वार्टरच्या बंद दाराकडं बोट केलंस. "आत हाय. तुमची रजा कळली की म्हायरी यायची न्हवं का मी, पयली गाठ माझी पडावी म्हणून? गाडीचा आवाज आला, भाकरी टाकतीया." दार उघडणारं का केलं नाहीस, विचारलं, तर म्हणालीस, धूर बाहीर येतोय.

आणि तो बोगदा. मागची सगळी बाजू तू डोंगरानं झाकलीस. गाडी गणपतीच्या डाव्या अंगाला आत शिरायची आणि उजव्या अंगाला निघायची. मी म्हणत होतो, उघडं ठेव, गाडी दिसू दे. तू म्हणालीस, "समदं दिसलं की जागा ल्हान वाटती. जरा लपली की वाटतंय, मिरजेस्नं आली." तुझं बरोबर होतं. अडीच हातांत गाडी किती लांब जाणार, पण ती आत गेली की मलासुद्धा वाटायचं, लांब गेली. आत काही अडकलं तर हात घालायला म्हणून डोंगराच्या पोटाला एक भगदाड ठेवलंस, ते नेमकं देवाच्या पाठीशी. देवाच्या पाठीमागं कोण बघतंय, म्हणून. आणि तुझ्या-माझ्या दोघांच्याही टाळक्यात आलं नाही की एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की मूर्ती जागची हलवायची नसते.

झालं. पहिल्याच आरतीला गाडी आत गेली ती आलीच नाही. खट् असा आवाज आला तेवढाच. "कोयनंला धक्का बसला असंल," म्हणून तू हसण्यावारी नेलंस, पण तोंड एवढंसं झालं होतं. मी उलथनं घालून बघितलं, चिमटा घालून बघितला. म्हटलं, मूर्ती बोटभर सरकवतो, देव काय रागावतोय? तू माझा हात धरलास. "जीव घातलाय तिच्यात. आता आपल्या सोयीनं सरकवायची व्हय?" नाही म्हणजे नाही. गौरी आल्या, जेवल्या. दर्शनाला येईल तो विचारी, "वैनी, गाडी कुठाय?" आणि तू कुंकू लावता लावता ठसक्यात सांगायचीस, "बोगद्यात हाय. सिग्नल न्हाई मिळाला." अख्खी गल्ली हसली. देव निघायच्या दिवशी उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली, आणि मी देवाच्या हातावर दही ठेवतोय तोवर तुझा हात भगदाडात. गाडी काढलीस, पदराला पुसलीस, मग देवाला वाटेला लावलंस.

पुढच्या वर्षी मी म्हटलं, ते भगदाड बाजूला घे. तू म्हणालीस, डोंगर फोडायचा न्हाई आता, रूळ पुसत जाऊ म्हंजे झालं. समईची काजळी रुळावर बसते आणि गाडी अडते, हे तुला कळलं होतं. मग रोज आरतीच्या आधी तू अभिच्या शाळेतलं खोडरबर घेऊन रूळ घासायचीस, कमरेत वाकून, एका हातानं बांगड्या वर सारून. त्या खोडरबराचा कीस अजून खणात आहे. मी झटकलेला नाही.

यंदा नागपंचमी झाली आणि तू खण उघडलास. धूळ पुसलीस, रूळ घासलेस, खटका फिरवलास. गाडी फलाटावरून निघाली, उसाच्या कडेनं गेली, बोगद्यात शिरली. मी पेपर वाचत होतो. खट् झालं. मी पेपरातून मान न काढता म्हणालो, कोयनेला धक्का बसला वाटतं. तू हसली नाहीस. बघितलं तर तू खणाची कड धरून उभी. "आवं, जरा धरा मला. दम लागतोय."

मिरजेच्या दवाखान्यात त्या नळ्यांमध्ये तुला जाग आली की तू काय बोलायचीस? नवऱ्याला काही सांगशील, पोराला सांगशील, म्हणून आम्ही कान देऊन बसायचो. तर, "गाडी आतच हाय वो. काढायची ऱ्हायली."

"घरी चल, मग काढ," मी म्हणालो.

"तुमी काढा."

"माझा हात जात न्हाई तितं. तुझाच जातो."

तू हसलीस. ओठ सुकून पांढरे पडले होते, तरी हसलीस. "यंदा आजून देव कुठं बसलाय? मधी कोण न्हाई. जातोय तुमचाबी हात."

"मी न्हाई काढणार," मी म्हणालो. "तू यायचंस आणि तूच काढायचीस. ऑर्डर हाय."

"बघू," म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

ते आपलं शेवटचं भांडण. मला वाटलं, चांगली अट घातली. गाडी अडकलीय म्हटल्यावर तू येणारच, तुझा जीव राहणार नाही त्या दवाखान्यात. असला कसला हिशेब करत होतो मी? माणूस असं कुठं थांबतं का? पण तिथं खुर्चीत बसून माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच. डॉक्टरांकडं त्यांचं औषध होतं, माझ्याकडं ती गाडी होती.

तू गेल्यावर बायका म्हणाल्या, भाग्याची होती, कुंकवानं गेली, नवऱ्याच्या आधी गेली. एकीनं म्हटलं, दुसरीनं म्हटलं, तिसरीनं म्हटल्यावर मी ओरडलो, आणि माझं काय? दादांनी मला हाताला धरून आत नेलं. तुझं भाग्य ते, मग मी कुणाचा कोण लागतो? मी अजून इथंच आहे, शालन. सकाळी उठतो. बूट पॉलिश करत नाही. भाकरी शेजारच्या हौसाक्का देतात, चांगली असते, घशाखाली उतरत नाही. लोक म्हणतात, हळूहळू सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाही. बर्फात पहारा केलाय मी. पण तिथं पाळी संपायची, दुसरा गडी यायचा आणि मी झोपायला जायचो. इथं कोण येणार?

तेराव्यानंतर अभि पुण्याला जायला निघाला. बॅग खांद्याला लावून फडताळापुढं थांबला. वाकून रूळ बघितले, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पप्पा, आईची गाडी कुठाय?"

माझ्या तोंडून निघून गेलं. "बोगद्यात हाय. सिग्नल न्हाई मिळाला."

तो हसला. सवयीनं हसला बघ, लहानपणापासून तुझ्या बोलण्यावर हसायचा तसाच. आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं, आणि एवढा बाप्या, एका पोरीचा बाप, बॅग खांद्याला तशीच ठेवून खाली बसला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. थोड्या वेळानं नाक पुसत म्हणाला, "काढू का मी? एका मिनटाचं काम हाय." मी त्याला हात लावू दिला नाही. त्यानं कारण विचारलं नाही. शहाणा आहे, तुझ्यावर गेलाय.

आयुष्यभर मी गाडीत आणि तू फलाटावर. रजा संपली की मी दारात उभा राहून हात हलवायचो, आणि गाडी सुटली की मला पुढचं सगळं असायचं, पलटण, दोस्त, ड्यूटी. मागं फलाटावर काय राहत होतं त्याचा मी कधी विचार केला नाही, कुणी करतही नाही. आता तो शेंगेएवढा जवान बघतो. ट्रंक घेऊन उभा आहे, तोंड बोगद्याकडं. तू त्याला उतरलेला म्हणून ठेवलं होतंस. मला तो आता वाट बघत उभा आहे असं दिसतं. तुझं म्हणणं पटलं मला, एवढं सांगायचं होतं. गाडी थांबली पाहिजे. कुणी उतरायचं असेल तर थांबली पाहिजे.

आज गल्लीत सगळ्यांच्या घरात आरती चालली आहे. आपलं दार मी लोटून घेतलं, पण आवाज येतोच. मी स्टूल घेतलं आणि वरच्या खणापुढं बसलो. समोर पाटाची जागा, तिच्यामागं डोंगर, डोंगराच्या पोटाला तुझं भगदाड. इतक्या वर्षांत मी ते समोरून असं नीट कधी बघितलंच नव्हतं, दरवेळी मधे देव असायचा. मी शर्टाची बाही वर सारली आणि हात घातला.

इंजिन आडवं पडलंय. मागचा डबा रुळावरच आहे. बोटांना लागला, गार. धरला असता तर निघाला असता.

मी हात तसाच मोकळा बाहेर घेतला. मनगटाला कुठं खरचटलंसुद्धा नाही. तू म्हणाली होतीस तेच खरं, शालन. मधी कोण नाही. जातो माझाही हात.